‘सायबर’ची दर्यावर्दी कुळकथा

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यावर इजिप्तमधल्या कुणा ग्रीक व्यापाऱ्याने आपल्या धंद्यातल्या लोकांसाठी एक छोटे पुस्तक लिहिले. तांबड्या समुद्रातून निघून अरबस्तान, आफ्रिका आणि हिंदुस्थानच्या बंदरांना कसे पोचावे, कुठे काय खपते, कुठून काय भरावे, कुठला राजा आडवा येतो, याची ती रोखठोक माहिती. लिहिणाऱ्याने स्वतःचे नाव कुठेच दिलेले नाही. ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या नावाने आज ओळखले जाणारे हे पुस्तक दहाव्या शतकात नकललेल्या एका हस्तलिखितामुळे वाचले. ते हस्तलिखित जर्मनीत हायडेलबर्गला आहे.

त्याच्या सत्तावनाव्या प्रकरणात हिप्पालस नावाच्या माणसाचा उल्लेख येतो. बंदरे कुठे आहेत आणि समुद्राचा आकार कसा आहे हे नीट ध्यानात घेऊन किनारा सोडून थेट भर समुद्रातून हिंदुस्थानला येण्याची वाट याने प्रथम शोधली, असे लेखक सांगतो. हिप्पालस कोण होता? व्यापारी नव्हे, सरदार नव्हे, राजाचा वकील नव्हे. त्याच्या नावापुढे एकच शब्द आहे: कुबेर्नेतेस. म्हणजे सुकाणू धरणारा, जहाज चालवणारा.

सायबर कॅफे, सायबर गुन्हा, सायबर पोलीस या शब्दांतला ‘सायबर’ याच कुबेर्नेतेसचा वंशज. आज तो ऐकला की डोळ्यांपुढे संगणकाचा पडदा येतो, चोरीला गेलेला पासवर्ड येतो. पण त्याचे मूळ खाऱ्या पाण्यातले आहे, आणि ज्या पुस्तकात तो हिप्पालसला चिकटून येतो त्याच पुस्तकात आपल्या कोकण किनाऱ्याचीही नोंद आहे.

त्रेपन्नाव्या प्रकरणात कल्याणच्या पुढची बंदरे एकामागून एक येतात. सेमिल्ला म्हणजे चौल, ही ओळख पक्की मानली जाते. त्याच्या दक्षिणेची मंदगोरा, पालेपत्मे, मेलिझिगारा, बायझँटियन, तोगारम, ऑरान्नोबोआस ही नावे नेमकी कुठल्या खाड्यांची, यावर विद्वानांत अजून एकमत नाही. नंतर बेटांची नावे लागतात, आणि त्यांत पहिले नाव सेसेक्रिएनाय. १९१२ मध्ये या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर करणाऱ्या विल्फ्रेड शॉफने ही बेटे म्हणजे वेंगुर्ला रॉक्स असावीत असे म्हटले. वेंगुर्ल्यासमोर समुद्रात उभे असलेले, दीपस्तंभाचे आणि पाकोळ्यांच्या गुहांचे हे खडक. शिरोडा, आरवली, रेडी ही गावे त्याच किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला, गोवा सुरू होण्याआधी.

ग्रीक जहाज शिरोड्याच्या वेळागर किनाऱ्याला लागले, असे कुठे लिहिलेले नाही आणि तसा दावा करण्याची गरजही नाही. जुलैत इजिप्त सोडून पावसाळी वाऱ्यावर थेट केरळातल्या मुझिरिसकडे मिरी भरायला जाणारी जहाजे या भागापासून बरीच दूर राहत. पण भडोचहून किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला उतरणाऱ्या जहाजाला हे खडक टाळूनच जावे लागे. म्हणून तर त्यांची नावे लिहून ठेवायची. खडक, बेटे आणि चाचे. या टापूत चाचे आहेत, हेही लेखकाने त्याच ओळीत सांगून ठेवले आहे. ज्याच्या हाती सुकाणू त्यालाच ही माहिती सर्वात आधी लागते.

त्या काळच्या जहाजाला आजच्यासारखे मागच्या बाजूला मधोमध बसवलेले सुकाणू नसे. नाळेच्या विरुद्ध टोकाला, डाव्या-उजव्या अंगाला, दोन भलीमोठी वल्ही पाण्यात सोडलेली असत. कुबेर्नेतेस त्यांच्या दांड्यांपाशी उभा राही. मालक वेगळा, त्याला ग्रीक लोक नॉक्लेरोस म्हणत. पैसा त्याचा, पण समुद्रावर निर्णय कुबेर्नेतेसचा. आपल्याकडे नाखवा आणि तांडेल या दोन शब्दांत साधारण हीच वाटणी आहे, आणि तीही गावागावांत थोडी वेगळी. गलबतावरच्या आपल्या शब्दांचा प्रवासही लांबचा. नाखवा फारसीतल्या नाखुदावरून आला, सुकाणू अरबीतल्या सुक्कानवरून. दर्यावर्दी लोकांनी माल उतरवला तसे शब्दही उतरवले.

होमरच्या ‘ओडिसी’त मेनेलाउस राजाचा कुबेर्नेतेस फ्रोंतिस हा सुकाणूचे वल्हे हातात असतानाच मरतो आणि त्याच्या अंत्यविधीसाठी राजाला प्रवास थांबवावा लागतो. प्लेटोला तर हा माणूस वारंवार आठवतो. ‘रिपब्लिक’मध्ये तो म्हणतो की खऱ्या कुबेर्नेतेसला ऋतू, आकाश, तारे, वारे यांचा अभ्यास हवा, पण सुकाणूसाठी भांडणारे खलाशी अशा माणसाला नुसता आकाशाकडे बघत बसणारा समजतात. राज्य कुणी चालवावे, या प्रश्नासाठी त्याने हे रूपक घेतले. ‘गोर्जियास’ या संवादात मात्र रूपक बाजूला राहते आणि बंदरातला खराखुरा माणूस दिसतो. एजिनाहून अथेन्सला सुखरूप आणल्याबद्दल तो दोन ओबोल घेतो, इजिप्तहून बायकामुलांसह आणि सामानासह आणल्याबद्दल फार तर दोन द्राख्मा, आणि उतरल्यावर आपल्या जहाजापाशी साधेपणाने फेऱ्या मारतो. इतके जीव वाचवून त्याला ताठा नसतो. त्याच्या कौशल्याला प्लेटोने वापरलेला शब्द कुबेर्नेतिके. दोन हजारांहून अधिक वर्षांनी तोच शब्द एका नव्या शास्त्राच्या पाटीवर जाणार होता.

हिप्पालसच्या श्रेयाबद्दल मात्र थांबून बोलायला हवे. रोमन लेखक प्लिनी ‘हिप्पालस’ हे वाऱ्याचे नाव म्हणून देतो, त्यामुळे असा माणूस होता की नव्हता यावरच अभ्यासकांचा वाद आहे. आणि माणूस असला तरी, नैर्ऋत्येचा वारा त्याने ‘शोधला’ हे खरे कसे मानायचे? स्त्राबो हा भूगोलकार जुन्या लेखकाच्या आधारे एक हकीकत देतो. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात तांबड्या समुद्राच्या पहारेकऱ्यांना एका भरकटलेल्या जहाजात अर्धमेला हिंदी माणूस सापडला. बरोबरचे सगळे उपासमारीने मेले होते. त्याला अलेक्झांड्रियात राजापुढे नेले, ग्रीक शिकवले, आणि मग त्याने हिंदुस्थानचा मार्ग दाखवण्याचे कबूल केले. युडॉक्सस नावाचा ग्रीक त्याच्याबरोबर निघाला आणि सुगंधी द्रव्ये, रत्ने घेऊन परतला. त्या हिंदी खलाशाचे नाव कुणी टिपले नाही. ग्रीकांच्या आधी या समुद्रावर अरब आणि हिंदी तांडेल वाऱ्याची ये-जा पाहतच होते. ‘मान्सून’ हा शब्दच मुळी अरबी ‘मौसिम’पासून आला. वाटाड्याचे नाव हरवले आणि त्याच्या मागून गेलेल्याचे नाव राहिले, ही इतिहासातली उणीव निदान मराठी वाचकाने ध्यानात ठेवावी.

‘पेरिप्लस’चा लेखक स्वतः मात्र या बाबतीत प्रामाणिक आहे. भडोचच्या आखातातली भरती-ओहोटी इतकी भयंकर आहे की परक्या जहाजाचा तिथे निभाव लागत नाही, असे तो स्पष्ट लिहितो. राजाच्या नोकरीतले कोळी ‘त्राप्पागा’ आणि ‘कोतिंबा’ नावाच्या मोठ्या होड्या घेऊन पार सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे येतात, ग्रीक जहाज ताब्यात घेतात, भरतीबरोबर पुढे ओढतात, ओहोटीला ठरलेल्या खोल जागी नांगरून ठेवतात. म्हणजे शेवटच्या आणि सर्वात अवघड टप्प्यावर ग्रीक कुबेर्नेतेस बाजूला होई आणि सुकाणू हिंदी कोळ्याच्या हाती जाई.

या व्यवहाराच्या खुणा महाराष्ट्रात जमिनीवरही आहेत. कार्ल्याच्या लेण्यातल्या खांबांवर दान देणाऱ्या यवनांची (त्या काळी ग्रीकांना हेच नाव होते) नावे कोरलेली आहेत. कोल्हापूरला पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर ग्रीकांच्या समुद्रदेवाचा, पोसायडनचा, लहानसा कांस्य पुतळा मिळाला. तो तिथल्या टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. घाटमाथ्यावर समुद्रदेव पोचला तो अर्थातच खालच्या कुठल्या तरी बंदरातून.

शब्दाचा पुढचा प्रवास पश्चिमेकडे झाला. रोमन लोकांनी ग्रीक क्रियापद घेतले आणि त्याचे ‘गुबेर्नारे’ केले. आधी जहाज चालवणे, मग राज्य चालवणे. त्यातून फ्रेंचमार्गे इंग्रजीत ‘गव्हर्न’, ‘गव्हर्नर’, ‘गव्हर्नमेंट’ आले आणि इंग्रजांबरोबर मुंबई इलाख्यात उतरले. मे १९३० मध्ये शिरोड्याच्या मिठागरांवर महाराष्ट्रभरातून आलेल्या सत्याग्रहींनी मिठाचा कायदा मोडला, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले. तेव्हा मुंबईचे गव्हर्नर सर फ्रेडरिक साइक्स होते. शिरोडा त्या वेळी रत्नागिरी जिल्ह्यात होते, आणि गावच्या शाळेत वि. स. खांडेकर शिकवत होते. ज्या सत्तेविरुद्ध त्या दिवशी मूठभर मीठ उचलले गेले तिच्या नावातही तोच जुना सुकाणूवाला दडला होता. प्लेटोचा कुबेर्नेतेस प्रवाशांना तारून साधेपणाने फेऱ्या मारतो. इथला गव्हर्नर लोकांच्या ताटातल्या मिठावर कर बसवणाऱ्या राज्याचा प्रतिनिधी होता. एकाच धातूतून निघालेल्या शब्दाने किती दूर जावे याचे इतके धडधडीत उदाहरण शोधूनही सापडायचे नाही.

शास्त्रात हा शब्द दोनदा आला. पहिल्यांदा आंद्रे-मारी अँपिअरने आणला. घरातल्या फ्यूजवर ज्याचे नाव लिहिलेले असते तोच हा फ्रेंच शास्त्रज्ञ. सगळ्या विद्यांचे वर्गीकरण करायला बसला असता राज्य चालवण्याच्या विद्येला त्याने ‘सिबेर्नेतिक’ म्हटले. त्याचा तो शब्द फारसा कुणी उचलला नाही.

दुसरा जन्म यंत्रशाळेत झाला, आणि इथे गोष्ट खरी रंगते. जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला फिरते गोळे असलेला एक नियंत्रक जोडला. इंजिन वेगाने फिरू लागले की गोळे बाहेर फेकले जात आणि वाफेची झडप आवळत. वेग मंदावला की गोळे खाली येत आणि झडप उघडत. याला ‘गव्हर्नर’ म्हणत. १८६८ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेलने त्याचे गणित मांडले. काही इंजिने स्थिर का होतात आणि काही हेलकावतच का राहतात, हा त्याचा प्रश्न. यंत्र आपल्याच परिणामाची खबर घेते आणि त्यावरून स्वतःला सुधारते, ही कल्पना तिथे आकाराला आली.

मग १९२२ साल. निकोलस मिनोर्स्की हा रशियात जन्मलेला अभियंता अमेरिकन नौदलासाठी जहाज आपोआप चालवण्याचा मार्ग शोधत होता. त्याने काय केले? सुकाणूवर उभ्या असलेल्या अनुभवी माणसांच्या हातांकडे नीट पाहिले. जड जहाज हुकूम उशिरा ऐकते. नाळ डावीकडे वळली म्हणून सुकाणू फिरवले आणि नाळ जागेवर येईपर्यंत तसेच धरून ठेवले, तर ती पलीकडे निघून जाते. म्हणून जाणता माणूस तीन गोष्टी एकदम तोलतो. आत्ता दिशा किती चुकली आहे. बराच वेळ एकाच अंगाला चुकत असेल तर वारा किंवा प्रवाह सतत ढकलतो आहे का. आणि नाळ किती वेगाने परत फिरते आहे. शेवटची गोष्ट कळली की तो नाळ सरळ होण्याच्या आधीच सुकाणू सैल सोडतो, कधी उलटही देतो. मिनोर्स्कीने हे तिन्ही भाग समीकरणात लिहिले. ‘न्यू मेक्सिको’ या युद्धनौकेवर त्याच्या यंत्रणेच्या चाचण्या झाल्या. आज रासायनिक कारखान्यातली भट्टी असो की ड्रोन, तापमान किंवा तोल सांभाळणारे बहुतेक नियंत्रक याच तीन भागांच्या सूत्रावर चालतात.

रात्री मतलई वाऱ्यावर बाहेर पडणाऱ्या आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परतणाऱ्या तांडेलाला हे तिन्ही हिशेब हातात मुरलेले असतात. सरळ रेषेत जाणे म्हणजे दर क्षणी थोडे चुकणे आणि दर क्षणी दुरुस्त करणे, हे त्याला कुणी फळ्यावर शिकवलेले नसते. मिनोर्स्कीचे मोठेपण असे की या हाताच्या ज्ञानाला त्याने ज्ञान मानले.

दुसऱ्या महायुद्धात नॉर्बर्ट वीनर हा अमेरिकन गणिती ज्युलियन बिगेलोबरोबर विमानवेधी तोफांवर काम करत होता. विमान आत्ता कुठे आहे यापेक्षा गोळा पोचेल तेव्हा कुठे असेल, हे आधी सांगायचे होते. चूक मोजायची, ती परत आत पुरवायची, पुढचे पाऊल सुधारायचे. दोघांना शंका आली की ही सुधारणा अति झाली तर यंत्र हेलकावेल. मग माणसाच्या शरीरातही असे काही होत असेल का? त्यांनी आर्तुरो रोझेनब्लूथ या मेक्सिकन शरीरशास्त्रज्ञाला विचारले. त्याने सांगितले, होय. लहान मेंदूला इजा झालेला माणूस पेला उचलायला हात पुढे करतो तेव्हा त्याचा हात असाच लक्ष्याच्या अलीकडे-पलीकडे हेलकावत जातो. यंत्र आणि शरीर एका सूत्रात आले.

या नव्या शास्त्राला नाव हवे होते. १९४७ मध्ये वीनरने ग्रीक कुबेर्नेतेसवरून ‘सायबरनेटिक्स’ हे नाव ठरवले आणि १९४८ मध्ये त्याच नावाचा ग्रंथ काढला. नाव निवडण्याची कारणे त्याने स्वतः दिली आहेत. एक तर मॅक्सवेलच्या ‘गव्हर्नर’वरच्या निबंधाला मान द्यायचा होता, आणि दुसरे, जहाजांची सुकाणूयंत्रे ही स्वतःला सुधारणाऱ्या यंत्रणांच्या सर्वात जुन्या आणि उत्तम उदाहरणांपैकी होती. अँपिअरने हा शब्द आधी वापरला होता, हे त्याला नंतर कळले.

वीनरचा मुंबईशीही धागा आहे. १९५५-५६ मध्ये तो कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये काही महिने राहिला. तिथे मुंबईचे गणिती पेसी मसानी त्याच्याबरोबर काम करू लागले. एकाच वेळी बदलणाऱ्या अनेक राशींचे भाकीत कसे करावे, यावर दोघांनी मिळून लिहिलेले निबंध १९५७ आणि १९५८ मध्ये ‘अ‍ॅक्टा मॅथेमॅटिका’त आले. वीनर १९६४ मध्ये वारला. त्याचे समग्र लेखन संपादित करण्याचे काम मसानींनीच केले आणि १९९० मध्ये त्याचे चरित्रही लिहिले.

त्यानंतर शब्दाचा शेपटाकडचा भाग गळाला. १९६० मध्ये ‘सायबरनेटिक’ आणि ‘ऑर्गॅनिझम’ जोडून ‘सायबॉर्ग’ झाला. विल्यम गिब्सनने १९८२ मधल्या एका कथेत ‘सायबरस्पेस’ आणला आणि १९८४ च्या ‘न्यूरोमॅन्सर’ या कादंबरीने तो जगभर नेला; ती कादंबरी त्याने साध्या टाइपरायटरवर लिहिली. पुढे सुकाणू, दुरुस्ती, तोल हे सगळे अर्थ मागे पडले. उरले फक्त ‘संगणकाच्या जाळ्यातले’. भारतात १५ ऑगस्ट १९९५ पासून सर्वसामान्यांना इंटरनेट मिळू लागले, तालुक्याच्या गावांतही सायबर कॅफेच्या पाट्या लागल्या, १७ ऑक्टोबर २००० रोजी माहिती तंत्रज्ञान कायदा अमलात आला आणि २००८ च्या दुरुस्तीने ‘सायबर कॅफे’ व ‘सायबर सुरक्षा’ यांच्या व्याख्या कायद्यात बसवल्या. मराठीने हा शब्द जसाच्या तसा घेतला. तो आता गुन्ह्याच्या बातमीतच जास्त भेटतो.

ऑनलाइन फसवणूक झाली तर तक्रार करण्यासाठी केंद्र सरकारचा जो राष्ट्रीय मदत क्रमांक आहे तो १९३०. आकडा योगायोगाने जुळला आहे, पण शिरोड्यात तो विसरायला होणार नाही. फोन जितका लवकर तितके पैसे वाटेतच अडवता येण्याची शक्यता जास्त. चुकीची खबर वेळेत परत पोचली पाहिजे, हे वीनरचे मूळ सूत्र निदान इथे अजून जिवंत आहे.

सुकाणूच्या जुन्या वल्ह्यांनाही अलीकडे पुन्हा पाणी लागले. अजिंठ्याच्या चित्रातल्या पाचव्या शतकातल्या जहाजावरून भारतीय नौदल, सांस्कृतिक मंत्रालय आणि गोव्यातली होडी इनोव्हेशन्स यांनी एक जहाज बांधले. केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या हाताखाली फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या गेल्या. अशा जहाजाचा एकही जुना आराखडा शिल्लक नसल्याने सगळे मोजमाप चित्रावरून काढावे लागले, आणि पाण्यात ते कसे वागेल याच्या चाचण्या आयआयटी मद्रासने केल्या. २१ मे २०२५ रोजी कारवारच्या तळावर ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’ या नावाने ते नौदलात आले. त्याला चौकोनी शिडे आहेत आणि सुकाणूच्या जागी मागच्या अंगाला वल्ही आहेत. आजच्या नौसैनिकांपैकी कुणालाच अशा वल्ह्यांची सवय नव्हती, त्यामुळे चाक सोडून दांडा हातात धरण्याचा सराव त्यांना मुळापासून करावा लागला.